उपवास-प्रार्थनेनंतरचे दिवस: आत्मिक विजयानंतरच्या परीक्षेला कसं तोंड द्यावं

उज्जीवन सभेचा शेवटचा दिवस संपतो, मंडप उतरतो, आणि मंडळीतल्या जबाबदार माणसांचं लक्ष भाड्याच्या खुर्च्या, स्पीकरवाला, जेवणाचा हिशेब यांकडे वळतं. त्याच सभेत ज्याने गुडघे टेकून दारू सोडली, किंवा सख्ख्या भावाशी कितीतरी वर्षांचा अबोला संपवला, त्याच्याकडे मात्र कोणी बघत नाही. त्याचं काम झालं असं सगळ्यांना वाटतं. त्याची कसोटी त्याच रात्री सुरू होते, आणि तेव्हा तो एकटा असतो.

शास्त्रात हा क्रम इतक्या वेळा येतो की त्याला अपवाद समजायचं कारण नाही. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला, आकाशातून वाणी झाली, आणि मार्क सांगतो त्याप्रमाणे लगेच आत्म्याने त्याला रानात घालवलं. यरीहोची भिंत पडली, पुढच्याच अध्यायात आय या छोट्या गावापुढे इस्राएलाची 36 माणसं मारली गेली. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरला, आणि ईजबेल राणीच्या एका निरोपाने एलीया संदेष्टा जीव घेऊन पळाला. पेत्राने येशूला ख्रिस्त म्हणून ओळखलं, धन्य ठरला, आणि मत्तयाच्या त्याच सोळाव्या अध्यायात ‘सैताना, माझ्या मागे हो’ हे ऐकून घेतलं.

एक गोष्ट नीट बघून घ्या. परीक्षा सहसा जिथे विजय मिळाला तिथेच येते. वाणी म्हणाली, हा माझा पुत्र; आणि परीक्षकाचं पहिलं वाक्य होतं, तू देवाचा पुत्र असशील तर. ज्याला क्षमा करायची कृपा मिळाली त्याला आठवडाभरात त्याच माणसाकडून नवा अपमान सोसावा लागतो. ज्याने व्याजाचा धंदा सोडला त्याच्या दारात कधी नव्हे तो चांगला ऋणको येऊन उभा राहतो. हे आधी माहीत असलं तर ‘माझा निर्णय खोटा होता की काय’ हा घोळ मनात होत नाही.

तयारी विजयाच्या आधी

बहुतेक जण इथेच चुकतात. उपवास किती दिवस, प्रार्थना किती वाजता, पाहुणे पाळक कोण, हे सगळं ठरतं. उपवास सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांचं काही ठरत नाही. आणि विजय मिळाल्यावर ठरवू म्हटलं तर जमत नाही, कारण तेव्हा मन भरलेलं असतं आणि सावधगिरी म्हणजे अविश्वास असं वाटतं. करिंथकरांस पहिल्या पत्रात, दहाव्या अध्यायात पौल जे सांगतो की आपण उभे आहोत असं ज्याला वाटतं त्याने पडू नये म्हणून सांभाळावं, ते नेमकं या मनःस्थितीसाठी आहे.

म्हणून उपवासाच्या किंवा सभेच्या पहिल्या दिवशीच वहीच्या एका पानावर चार गोष्टी लिहा. मन ओढलं तर कोणाला फोन करणार: एक नाव, आणि तो उचलत नसेल तर दुसरं नाव. कोणता रस्ता, कोणतं दुकान, कोणता ग्रुप पुढचे 40 दिवस टाळणार. हातात येणारा पैसा कोणाकडे जाणार. आणि सभा संपल्यावरच्या तीन दिवसांत कामाला किती वाजता जाणार, किती वाजता झोपणार. ‘चांगलं वागेन’ असं लिहू नका. ‘संध्याकाळी स्टँडच्या बाजूने न येता शाळेच्या मागून येईन’ असं लिहा. ज्याचं नाव फोनसाठी लिहिलं त्याला ते आधी सांगा आणि त्याची संमती घ्या. पुरुषाने पुरुषाचं, बाईने बाईचं नाव लिहावं. इथे सूट देऊ नये.

पहिले तीन दिवस शरीराकडे बघा

झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयाला देवदूताने उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. त्यानंतरच होरेबचा 40 दिवसांचा प्रवास झाला. थकलेल्या शरीरात निराशा, चिडचिड आणि वासना तिन्ही लवकर शिरतात. सैतानाला पिटाळायच्या प्रार्थना रात्री दोनपर्यंत करण्यापेक्षा अशा वेळी दहा वाजता झोपणं हे जास्त आज्ञाधारकपणाचं काम असतं.

उपवास सोडताना घाई करू नका. पूर्ण दिवसाचा एकच उपवास असेल तर साधं जेवण चालतं. तीन दिवस फक्त पाण्यावर काढले असतील तर पहिल्या वेळी एक वाटी तांदळाची पातळ पेज किंवा नाचणीची आंबील, चिमूटभर मीठ घालून. दोन-तीन तासांनी पुन्हा तेवढीच. रात्री मऊ भात आणि पातळ वरण. तेल-तिखट दुसऱ्या दिवसानंतर. उपवास जितके दिवस, त्याच्या निम्मे दिवस तरी जेवण हळूहळू वाढवत न्यावं. पाच दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काहीच खाल्लं नसेल तर एकदम भरपेट जेवण धोक्याचं आहे, रक्तातले क्षार अचानक घसरतात. असा उपवास डॉक्टरांना विचारून करावा आणि विचारूनच सोडावा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी पाण्यावरचा उपवास धरूच नये. त्यांनी एखादा पदार्थ, मोबाईल किंवा चहा सोडून प्रार्थनेत भाग घ्यावा. ईस्टरच्या दुपारी मटणाच्या रश्श्यावर तुटून पडून संध्याकाळी आजारी पडणं आणि मग देवावरच रुसणं, हे टाळता येण्यासारखं आहे.

दारूबद्दल स्पष्ट लिहायलाच हवं. रोज भरपूर पिणाऱ्याने सभेत उभं राहून एका झटक्यात दारू सोडली, तर पहिल्या 6 ते 48 तासांत हात थरथरणं, घाम, उलटी, कधी फेफरं येऊ शकतं. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास होणं, बडबड, ताप असा गंभीर प्रकार होऊ शकतो आणि त्यात जीवही जातो. हा दुष्टात्मा नाही. त्याला खोलीत कोंडून वर प्रार्थना करत बसू नका. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात न्या, किती आणि किती वर्षं पीत होता ते न लाजता सांगा, आणि बाहेर बसून प्रार्थना करा. मन फार खचलं असेल तर 14416 या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या) मोफत क्रमांकावर बोलता येतं. डॉक्टरकडे गेल्याने साक्ष कमी होत नाही.

तंबाखू आणि मावा सोडणाऱ्याचा जीव सोडल्यापासून पहिले तीन दिवस सगळ्यात जास्त ओढ खातो, मग दोन ते चार आठवड्यांत ती ओसरत जाते. एकेक लाट काही मिनिटांचीच असते. तेवढ्या वेळात पाणी प्या, लवंग किंवा बडीशेप तोंडात टाका, जागा बदला. निपाणीकडे वखारीत काम करणाऱ्यांची परीक्षा अवघड, कारण वास हातालाच असतो. शक्य असेल तर मुकादमाला सांगून महिनाभर दुसरं काम मागावं. ते शक्य नसेल तर एकाच विश्वासू सोबत्याला सांगून ठेवावं आणि सुट्टीत टपरीकडे न जाता त्याच्याबरोबर डबा खावा.

साक्ष: कधी, किती, कोणासमोर

यावर आम्ही जरा जास्त लिहितो, कारण आपल्याकडे चांगली माणसं सगळ्यात जास्त इथे पडतात, आणि पाडायला आपणच हातभार लावतो.

मंगळवारी दारू सोडलेल्या माणसाला रविवारी भक्तीत पुढे उभं केलं जातं. टाळ्या पडतात. पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावची मंडळी त्याला बोलावते. कोणीतरी मोबाईलवर चित्रीकरण करून ते ग्रुपवर टाकतं. तीन आठवड्यांत तो माणूस आपल्या साक्षीचा वक्ता बनतो, आणि मग एका संध्याकाळी घसरला की कोणाला सांगायची सोय उरत नाही. सगळ्या तालुक्याला तो ‘सुटलेला’ म्हणून माहीत असतो. लपवणं सुरू होतं. लपवण्यानेच तो पुरता बुडतो.

येशूने कुष्ठरोग्याला शुद्ध केल्यावर आधी याजकाला दाखव म्हणून सांगितलं, गावभर सांगू नको म्हणून बजावलं. हिज्कीया राजा आजारातून बरा झाला, आणि बाबेलहून आलेल्या लोकांना त्याने आपलं सगळं भांडार उघडून दाखवलं. त्यानेच पुढचं संकट ओढवलं. लोक आपल्याला बळेच राजा करणार हे कळताच येशू एकटाच डोंगरावर निघून गेला.

त्यामुळे असं करा. पहिल्या आठवड्यात फक्त पाळकसाहेबांना किंवा पाळकबाईंना, घरच्यांना आणि ज्याचं नाव वहीत आहे त्याला सांगा. महिन्याभराने घरगुती प्रार्थनेत, दहा-पंधरा माणसांत सांगा. व्यसन, व्यभिचार, पैशांचा अपहार अशा गोष्टींची जाहीर साक्ष निदान सहा महिने थांबू द्या, आणि तेव्हाही पाळकांनी घरच्यांना विचारून मगच ती होऊ द्यावी. नवऱ्याच्या पापाची जाहीर कथा बायकोला आणि शाळेत जाणाऱ्या मुलांनाही सोसावी लागते. साक्ष तीन ते पाच मिनिटांची असावी. पापाचं वर्णन एक-दोन वाक्यांत, ख्रिस्ताने काय केलं ते बाकीच्या वेळात, आणि शेवटी आज कशासाठी प्रार्थना हवी तेही सांगावं. हे शेवटचं वाक्य मोलाचं, कारण त्याने ऐकणाऱ्यांना कळतं की लढाई चालू आहे. चित्रीकरण करू नये, आणि केलंच तर त्या माणसाच्या परवानगीशिवाय पुढे पाठवू नये.

बहात्तर शिष्य (काही प्रतींत सत्तर) आनंदाने परत आले, भुतंही आम्हांला वश होतात म्हणाले. तेव्हा येशूने त्यांचा आनंद दुसरीकडे वळवला, तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत याचा आनंद करा. रोज रात्री झोपण्याआधी दोन मिनिटं हेच करा. आज काय जमलं ते मोजू नका. मी कोणाचा आहे त्याबद्दल आभार माना.

पैसा, मान आणि पद

चार राजांना हरवून अब्राम आपल्या पुतण्याला, लोटाला, सोडवून आणतो, आणि परतीच्या वाटेवर त्याला दोन राजे भेटतात. मलकीसदेक भाकर, द्राक्षारस आणि आशीर्वाद घेऊन येतो. सदोमाचा राजा म्हणतो, माल तू ठेव. अब्राम सुताचा धागा किंवा पायतणाचा बंदही घ्यायला तयार होत नाही, कारण तसं करायचं नाही अशी शपथ त्याने देवापुढे वाहिलेली असते. गिदोनाचं उलट झालं. राजा व्हा म्हटल्यावर त्याने ठाम नकार दिला, पण लुटीतली कुंडलं मात्र मागून घेतली. 1700 शेकेल सोन्याचं एफोद (याजकी वस्त्र) झालं आणि तेच त्याच्या घराला फास ठरलं. मोठ्या गोष्टीला नाही म्हणून झालं की छोट्या गोष्टीला माणूस हो म्हणतो, हे गिदोनापासून शिकावं.

आपल्या बेळगाव भागात बहुतेकांना पैसा वर्षातून एक-दोनदा ठोक हातात येतो: उसाचं बिल, तंबाखूची पट्टी, काजूचा हंगाम. सोडलेलं व्यसन आणि आलेलं बिल एका आठवड्यात गाठ पडली तर बहुतेक वेळा पैसा जिंकतो. बिल येणार असेल त्याआधीच खात्यावर बायकोचं किंवा आईचं नाव जोडून घ्या, पहिले 40 दिवस खिशात दिवसाच्या खर्चापुरतेच ठेवा, फोनमधलं पैसे पाठवायचं ॲप आणि रमीचं ॲप दोन्ही काढून टाका. सोसायटीचं कर्ज आणि दुकानाची उधारी आधी फेडा. दशांश बाजूला काढा. गोव्याकडून चोर्ला घाटाने येणारी स्वस्त बाटली भेट म्हणून आणणारा मित्र असतोच. त्याला आधीच फोन करून सांगा, ‘दादा, माझ्यासाठी काही आणू नको, आणलंस तर घरात घेणार नाही.’ दारात उभा असताना सांगणं फार जड जातं.

पाळक आणि सभा घेणाऱ्यांसाठी: मोठी सभा यशस्वी झाली की त्याच आठवड्यात अर्पणाची मोजणी दोन-तीन जणांनी एकत्र बसून करावी, आकडा वहीत लिहून सह्या कराव्यात, आणि वक्त्याला द्यायची रक्कम सभेआधीच ठरलेली असावी. रोख रक्कम रात्री एकट्याच्या घरी राहू नये. सभेनंतर परगावच्या खोलीवर एकट्याने फोन घेऊन जागत बसू नये; घरी बायकोशी बोलावं आणि झोपावं. नव्याने विश्वासात आलेल्या माणसाला वर्षभर तरी कमिटीत घेऊ नये. तीमथ्याला पौलाने मंडळीच्या अध्यक्षाविषयी नेमकी हीच सूचना दिली आहे, तो गर्वाने फुगू नये म्हणून.

घरात कठोर होऊ नका

विजय मिळालेला माणूस घरात कडक होतो. कालपर्यंत आपण काय होतो ते विसरून तो बायकोची प्रार्थना, मुलाचा मोबाईल, आईचं टीव्ही बघणं, सगळ्यांवर बोट ठेवतो. हा मोह पापासारखा दिसत नाही म्हणून अधिक वाईट.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम 1820 साली सुरू झालं आणि 1904 मध्ये ते मेथडिस्ट मंडळीकडे आलं. त्यामुळे एकाच बाकावर कितव्या तरी पिढीचं ख्रिस्ती कुटुंब आणि घरात एकटाच विश्वास ठेवणारा तरुण शेजारी बसलेले असतात. दोघांची परीक्षा वेगळी असते. जुन्या घरच्याला वाटतं, आम्ही मूळचेच आहोत, आम्हांला कोण पाडणार. नव्याची कसोटी सौंदत्तीच्या यल्लम्मादेवीची यात्रा जवळ आली की लागते. आई म्हणते, चल. इथे त्याने सहभागी होऊ नये हे खरं, पण आईच्या देवाला नावं ठेवून जिंकल्याचं समाधान मिळवणं हेही पडणंच आहे. ‘आई, मी येणार नाही. तुझं सामान गाडीपर्यंत पोचवतो, घर आणि जनावरं मी बघतो’ एवढं पुरे. आईशी आदराने बोलणं हाही त्याच्या विश्वासाचा भाग आहे.

मराठी आणि कन्नड भक्ती एकाच इमारतीत होते तिथे आणखी एक सापळा असतो. सभेला भरभरून आशीर्वाद मिळाला की दुसऱ्याच आठवड्यात गाणी कोणत्या भाषेत, वेळ कोणाला, फलकावर कोणाचं नाव वर, यावरून फाटतं. सभेच्या नंतरच्या महिन्यात असा कोणताही विषय कमिटीच्या बैठकीत घेऊ नये.

प्रत्यक्ष मोहाच्या घडीला

मोह होणं हे पाप नाही. येशूलाही मोह घातला गेला. याकोब जो क्रम सांगतो त्यात वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते; त्या दोन टप्प्यांमध्ये अवधी असतो, आणि तो अवधी वापरायचा असतो.

पहिलं, जागा सोडा. मालकाच्या बायकोने धरलं तेव्हा योसेफ वस्त्र टाकून पळाला, चर्चा करत थांबला नाही. दुसरं, मोठ्याने वचन बोला. येशूने दिलेली तिन्ही उत्तरं ‘अनुवाद’ या जुन्या करारातल्या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत, म्हणजे ती आधीच पाठ होती. तीच तीन वचनं (8:3, 6:16, 6:13) एका आठवड्यात पाठ करा, दोन-दोन दिवसांना एक. तिसरं, फोन करा. ‘दादा, आत्ता मन ओढतंय, मी टपरीपाशी उभा आहे’ इतकंच बोला. समोरच्याने भाषण देऊ नये; ‘तिथून निघ, मी येतोय’ म्हणावं आणि जावं. चौथं, पुढचा अर्धा तास हाताला काम द्या: जनावरांना वैरण, विहिरीचं पाणी, मुलीचा अभ्यास.

संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेचं आधीच काही ठरलं नसेल तर वरचं सगळं कमी पडतं. येशूने सांगितलेल्या त्या झाडूनझुडून ठेवलेल्या रिकाम्या घरात सात आणखी वाईट आत्मे शिरले. मंडळीतल्या चार घरांनी आठवड्यातले वार वाटून घ्यावेत, सोमवारी एकाकडे, बुधवारी दुसऱ्याकडे, भाकरी आणि एखादं गीत, तासाभरात संपलं पाहिजे.

पडलात तर

24 तासांच्या आत सांगा. उशीर होईल तितकं सांगणं अवघड होतं. खानापूर भागातल्या कॅथलिक घरांत फादरांकडे कुमसारासाठी (पाप कबूल करायला) जायची रीत आहेच; इतर मंडळींत पाळक किंवा वहीतला सोबती. बायकोला तिसऱ्याकडून कळण्याआधी स्वतः सांगा.

ऐकणाऱ्याने चार प्रश्न विचारावेत: कुठे होतास, कोणाबरोबर होतास, जेवला-झोपला होतास का, खिशात किती पैसे होते. आयपुढे हरल्यावर यहोशवा संध्याकाळपर्यंत तोंडावर पडून होता, तेव्हा देव म्हणाला, ऊठ, असा का पडलास. आणि कारण शोधायला लावलं. लुटीतला माल लपवणाऱ्या आखानाच्या तंबूत जमिनीखाली एक झगा, 200 शेकेल रुपं आणि 50 शेकेलांची सोन्याची वीट सापडली. कारण असंच ठोस असतं. फोनमध्ये राहिलेला एक नंबर, कपाटात ठेवलेली एक बाटली, सांगितलं नव्हतं ते एक कर्ज. ते काढून टाका, वहीतल्या पानावर जे लिहिलं होतं त्यातलं कुठलं मोडलं तिथे खूण करा, आणि 40 दिवस पुन्हा पहिल्यापासून धरा. आय दुसऱ्या खेपेला घेतलं गेलं, आणि त्या वेळी पहिल्या खेपेसारखं दोन-तीन हजार माणसं पुरे असं म्हणणारं कोणी नव्हतं. सगळे लढाऊ लोक निघाले. दुसऱ्या खेपेला तुमच्याबरोबरही वहीतल्या एका नावाऐवजी तीन नावं असू द्या.